ताईचा तळहात

माझ्या ताईच्या घरात सांडशी नाही. गॅसवरचं पातेलं ती नुसत्या हाताने उतरवते. तीस वर्षं ती आणि भावजी इस्त्रीचं दुकान चालवतात. एवढ्या वर्षांत दोघांच्या तळहातांची कातडी इतकी निबर झाली आहे की गरम काय नि गार काय, त्यांना सगळं सारखंच. "तुझी सांडशी माहेरी गेली का गं?" असं मी तिला चिडवायचे. आता चिडवत नाही.

भावजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधंच, दुसऱ्या दिवशी घरी. ताप आला किंवा थंडी वाजली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईने ते अगदी मनावर घेतलं. दिवसातून चारदा कपाळाला हात लावून बघायची. मी थर्मामीटर आणते म्हटलं तर फणकारली, "माझा हात आहे ना! गरम-गार ओळखण्यातच जन्म गेला माझा." शाळेत पोरांना शिकवणारी मी, पण गप्प बसले. माझ्यासारखी मूर्ख मीच.

चौथ्या दिवशी दुपारी भावजी दोन पांघरुणांत कुडकुडत होते. ताईने कपाळावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ताप नाहीये," ती म्हणाली. "अशक्तपणा आहे. पडून राहा."

भावजींनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगावरच्या चादरीची घडी घालायला लागले. घालायची, मोडायची, परत घालायची. "गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणत होते आणि धापा टाकत होते. ताईने मला बोलावलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

दवाखान्यात नर्सने ताप मोजला, एकशे चार. "कधीपासून आहे?" तिने विचारलं. ताई म्हणाली, "ताप नव्हता." नर्सने तिच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. जखमेतला संसर्ग रक्तात पसरला होता. सेप्सिस. जखम परत उघडली, नळ्या घातल्या. अकरा दिवस यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली, ती कापावी लागली.

त्या अकरा दिवसांत एकदा मी ताईला बाथरूममध्ये पकडलं. टाचा घासायच्या वजरीने ती उजवा तळहात घासत होती. रक्त आलं होतं तरी थांबत नव्हती. मी वजरी हिसकावून घेतली आणि तिच्यावर ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही मला.

पाच आठवड्यांनी भावजी घरी आले. वाचले, पण त्याला वाचणं म्हणायचं तर. केस मूठमूठ गळत होते. चमचा हातात थरथरायचा. चादर अंगावर आली की दचकून उठायचे. दुकानात उभं राहणं संपलं, बसून रुमालांच्या घड्या तेवढ्या घालायचे. ताई सगळं करायची, पण त्यांना हात लावायची नाही. गोळ्या बशीत ठेवून सरकवायची. दर तासाला थर्मामीटर पुढे करायची.

काल तिने तो पुढे केला, तेव्हा भावजींनी बाजूला सारला.

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दुपारी. ताप आहे ते. अंग आतून भाजत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"परत दवाखान्यात जायची भीती वाटत होती. तू नाही म्हणालीस, बरं वाटलं."

ताईचा आवाज चढला. "बरं वाटलं? बोटं गेली तुमची! रोज मरतेय मी इथे, रोज!" मलाही वाटलं, यांना गदागदा हलवावं.

भावजींनी तिचा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला. ताई रडायला लागली.

"मला काही कळत नाही हो या हाताने," ती म्हणाली. "काहीच कळत नाही."

"नाही कळलं तरी राहू दे," भावजी म्हणाले.