कोपरे शेवटी

आत्या गेल्याची बातमी घेऊन मी काजूच्या फॅक्टरीच्या गेटवर गेले, तेव्हा बायकांची जेवणाची सुट्टी चालू होती. डबे उघडलेले होते. शालूआत्या गेली, एवढंच मी सांगितलं. एकीने हळूच विचारलं, "कसल्यान गो?" मेंदूचा कॅन्सर, मी म्हटलं. आणि समोरच्या बाईचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला... काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं तिने केसांवरून फिरवली, आत काही आहे का ते चाचपत असल्यासारखी. ती हालचाल मी ओळखत होते. गेलं वर्षभर माझाही हात असाच डोक्याकडे जात होता.

शालूआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. तरुणपणी याच फॅक्टरीत काजू सोलायला बसायची, पुढे इथल्या बायकांची संघटना तिने बांधली. लग्न केलं नाही, रत्नागिरीत आमच्याच घरी राहिली. बाबा पत्रकं लिहायचे आणि आत्या ती गावभर चिकटवायची. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. हातमोजे द्या, कामाचे तास पाळा, बाळंतपणाची रजा द्या. देवाला कौल लावून दुखणं बरं होत नाही, दवाखान्यात जा, हेही त्यातलंच एक. मागच्या पडवीत डालड्याच्या जुन्या डब्यात खळ शिजायची. मैदा, पाणी आणि झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. चिकटवायची आत्याची एक रीत होती. आधी मधोमध तळहात, मग तिथून बाहेरच्या बाजूला, आणि कोपरे शेवटी, एकेक करून अंगठ्याने. "कोपरा सुटला की वारा आत शिरतो," ती म्हणायची, "मग किती खरं लिवलंस तरी उडून जातं."

एकदा एसटी स्टँडमागच्या भिंतीवर तिने पोस्टर लावलं ते पार तिरपं. मी हसले, म्हटलं, आत्या, चष्मा बदल. "सरळ तर हाय," ती म्हणाली. तिच्या उजव्या हातातला ब्रश खाली पडला होता आणि तिला ते कळलंच नव्हतं. त्यानंतर साधे साधे शब्द तिला सापडेनासे झाले. मीठ मागायचं असलं की बरणीकडे बोट दाखवायची. मग एका सकाळी चुलीपुढे तिला फिट आली. एमआरआय झालं, मुंबईला ऑपरेशन झालं. काढता आलं तेवढं काढलं, मुळं आत पसरलेली आहेत, असं तिथे सांगितलं. रिपोर्टवर ग्लायोब्लास्टोमा, चौथी श्रेणी. रेडिएशनचे शेक झाले, गोळ्या झाल्या, औषधांनी तोंड सुजलं. पण मधे एकदा ती डोक्याला रुमाल बांधून गेटवर गेली, अडखळत का होईना बोलली, आणि आम्ही सगळे विश्वास ठेवायला लागलो. पुढच्या स्कॅनमध्ये नवा पांढरा डाग दिसला.

इथल्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला आत बोलावलं. आत्या बाहेर बाकावर आईजवळ बसली होती. गाठ परत वाढते आहे, आता पुन्हा कापून उपयोग नाही, ते म्हणाले. यापुढे वर्षांची भाषा करू नका, महिन्यांची करा. किती महिने, मी विचारलं. ते म्हणाले, "सरासरी सांगू शकतो, पण सरासरी म्हणजे तुमच्या आत्याची मुदत नव्हे. कुणी आधी जातं, कुणी मागे रेंगाळतं. दिशा मात्र एकच आहे." दारातून बाहेर पडताना बाबांनी माझं मनगट धरलं आणि तिला सांगायचं नाही म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर 'लपवू नका' असे मथळे लिहिले, तो माणूस.

त्या आठवड्यात मी मोबाइलवर वाचत गेले. शेवटच्या टप्प्यात काय होतं, झोप, गिळणं, श्वास... वाचायचं, फोन पालथा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी मी धावायचे. मला स्वतःला कुणाचं नाव आठवलं नाही की हात डोक्याकडे जायचा. संघटनेच्या सभांत भाषणं करणारी मी, पण आत्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

आणि मग बाबा कुणाला न सांगता गावच्या देवळात जाऊन आले. आत्या बरी होईल का, असा कौल लावायला. देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलं लावायची, उजवं आधी पडलं तर होकार. उजवं पडलं होतं. बाबा पडवीत चपला काढत होते, चेहरा उजळलेला. मी भडकले. तुम्हीच लिहिलेलं पत्रक आणून दाखवू का, म्हटलं. ते पायरीवर खाली बसले. "मला सगळं माहीत आहे गो," ते म्हणाले. "पण मग मी विचारू कुणाला?"

आतून आत्याने हाक मारली. तिने सगळं ऐकलं होतं. "कौल काय बोलला ता कळला," ती शब्द शोधत म्हणाली. "डॉक्टर काय बोलला?" तिने डाव्या हाताने खाटेवर थापटलं. "बस, बाय. पत्रकासारखा सांग. मोठा अक्षर, बारीक वाक्य."

मी सांगितलं. बाबा दारात उभे होते, त्यांनी अडवलं नाही. गाठ परत आली आहे, ती जाणार नाही. झोप वाढत जाईल. उजवी बाजू जाईल, शब्द जातील. फिट येतील, त्यासाठी नाकात मारायचं औषध घरात आहे. विनाकारण चिडशील, आम्हाला ओळखणारही नाहीस कदाचित, तो आजार असेल, तू नसशील. गिळता येणार नाही, तेव्हा आम्ही बळेच भरवणार नाही. शेवटी श्वास तुटत तुटत येईल. दुखू नये म्हणून औषधं आहेत. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बोलता येणार नाय, तवा माका... मला कळेल?" माहीत नाही, मी म्हटलं, ऐकू येत असावं असं म्हणतात. "मग बोलत ऱ्हवा." नळ्या घालायच्या नाहीत, घरीच, बाहेरच्या पडवीत ठेवायचं, बायकांना येऊ द्यायचं, हे तिने त्याच बैठकीत ठरवलं. मी उठायला लागले तेव्हा तिने हात सोडला नाही. "भ्या वाटतंय गो," ती म्हणाली. "पण कशाचा, ता तरी आता म्हाईत झाला."

सांगितल्याने भीती गेली असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. जे जे सांगितलं ते ते येत गेलं, आणि प्रत्येक वेळी मी नव्याने घाबरले. एकदा तिने पेजेची वाटी बाबांवर फेकली आणि त्यांना 'मालकाचा माणूस' म्हणाली. आमच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाही. बाबा विहिरीपाशी जाऊन रडले. मी त्यांना एवढंच म्हणू शकले की हे आपण ऐकलं होतं, तिनेही ऐकलं होतं. लोक भेटायला यायचे आणि 'लढ, हार मानू नकोस' म्हणायचे. मला त्या शब्दांचा संताप येतो. लढा मालकाशी असतो, तिथे माणूस चुकतो, कमी पडतो, फितूर होतो. मेंदूत गाठ वाढली यात आत्या कुठे कमी पडली? तिला हरलेली म्हणायचा अधिकार कुणाला?

शेवटच्या दिवसांत ती झोपूनच असायची. बायका कामावरून परतताना यायच्या, दिवसभराच्या कागाळ्या तिला सांगायच्या, कुणाची सून कशी, मुकादम काय बोलला. तिने सांगितल्याप्रमाणे सगळे बोलत राहिलो. मग तिचा डावा हात चादरीवर फिरायला लागला. घरी येणारी नर्स म्हणाली, शेवट जवळ आला की हात असे चाचपडतात. हे मी वाचलं होतं, आणि सगळ्यात जास्त याच हाताला भ्याले होते. मी दाराशीच उभी राहिले. पुढे जाववेना. मग दिसलं... तळहात मधोमध. तिथून बाहेर. मग अंगठा, वरचा कोपरा. खालचा. उजवीकडे वर, कसाबसा. चौथा कोपरा तिच्या निर्जीव उजव्या हातापलीकडे होता. तिथवर हात पोचत नव्हता, पुन्हा मधून सुरू होत होता. मी गेले आणि तो कोपरा माझ्या अंगठ्याने दाबून धरला. हात थांबला. ओळखलं म्हणून थांबला, की दमला म्हणून, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

शोकसभेचं पत्रक बाबांनीच लिहिलं. त्यात 'दीर्घ आजार' नाही, 'झुंज' नाही. 'मेंदूच्या कॅन्सरने गेल्या,' एवढंच, मोठ्या अक्षरात. मी डालड्याच्या डब्यात खळ शिजवली. डब्याच्या काठाला तिच्या हातची जुनी खळ सुकून बसली आहे, ती मी खरवडली नाही. फॅक्टरीच्या गेटसमोरच्या भिंतीवर कागद लावला, मधून बाहेर, मग कोपरे. तीन झाले आणि माझा अंगठा थांबला. पलीकडून कुणी दाबतंय का, याची वाट बघत... मग वारा आत शिरायला लागला, आणि चौथा मीच दाबला.