फर्नांदच्या वाट्याचा नरक

फर्नांदच्या आजेसासऱ्यांनी आमच्या चर्चच्या दारावरच्या जुन्या दगडी शिल्पाची प्लास्टरमध्ये हुबेहूब नक्कल ओतून ठेवली होती. एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक, मधे येशू. सासरे गेल्यावर वाटणी झाली. थोरल्याला स्वर्ग मिळाला, धाकट्याला, म्हणजे फर्नांदच्या नवऱ्याला, नरक. येशू थोरल्याच्या दारातून आत जाईना, म्हणून तोही नरकाबरोबर आला.

नरक चुलीमागच्या भिंतीवर लागला. सुरुवातीला फर्नांदला जेवण जात नसे. पुढे बटाटे सोलताना ती त्यातल्या एका चहाडखोर बाईशी बोलू लागली. सैतानाने त्या बाईची जीभ सांडशीत धरलेली होती. "मधे मधे बोलत नाही, एवढं बरंय," फर्नांद म्हणायची.

थोरली जाऊ सोलांज दर रविवारी ऐकवायची, "आमच्याकडे कसं प्रसन्न वाटतं, नाही?"

फर्नांदच्या मुलीचं, मिरेयचं, लग्न ठरलं आणि नेमकं चर्चचं दार दुरुस्तीसाठी ताडपत्रीखाली गेलं. आमच्याकडे नवरी त्या शिल्पाखालून आत गेली नाही, तर म्हाताऱ्या बायका ते लग्नच धरत नाहीत. फर्नांदने ताडपत्रीवर घरातली नक्कल टांगायचं ठरवलं.

"पण पूर्ण टांगा," पाद्री म्हणाले. "नुसत्या नरकाखालून मी लग्न लावणार नाही."

सोलांज ऐकेना. "स्वर्ग असा दारोदार फिरवायचा नसतो."

"एका दिवसापुरता द्या, जाऊबाई." फर्नांदने सोलांजच्या घरातल्या स्वर्गावरचा पडदा सरळ बाजूला ओढला. मागे ओली भिंत होती आणि देवदूताचं एक पाऊल.

सोलांजने घाईने पडदा परत लावला. "नदीकाठचं घर. ओलीनं सगळ्यांचा भुगा झाला गं. तुझे मेले चुलीपाशी खडखडीत राहिले."

मग दोघींनी नरकातले काही जण स्वर्गात हलवायचं ठरवलं.

"हा दारुडा?" सोलांजने विचारलं.

"अगदी भावजींसारखा दिसतो."

"मग राहू दे तिथंच. आणि ही जिभेची नको हं."

"तीच आधी जाईल!" फर्नांदने करवतीने सांडशीसकट सैतान कापला. जीभ बाहेरच राहिली. बाई गाते आहे, असं ठरलं.

लग्न थाटात झालं. पाद्री बराच वेळ वर पाहत होते. "स्वर्गात बरेच ओळखीचे दिसतात," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोलांज हातगाडी घेऊन हजर. "स्वर्ग माझ्या वाट्याचा."

वाटणीप्रमाणे ते खरंच होतं. फर्नांदच्या भिंतीवर, स्वर्गात गेलेल्यांच्या जागी, पांढरे चट्टे राहिले. दोन दिवस ती मुकाट्याने बटाटे सोलत होती. तिसऱ्या दिवशी बटाट्यांची टोपली उचलून ती जावेकडे गेली. गाणारी बाई चुलीजवळ खुर्चीवर ठेवलेली होती. फर्नांद तिच्यासमोर बसली आणि मुलीच्या नव्या सासूबद्दल सांगू लागली.

"माझ्याशी बोलतेयस?" सोलांजने विचारलं.

"तुमच्याशी नाही."

सोलांजने आणखी एक सुरी आणली आणि शेजारी बसली.