सरकीची पलटण

सिंदीच्या शाळेतल्या प्रभाकरराव मास्तरांनी आयुष्यात कधी बंदूक हाती धरली नव्हती, पण लढायांवरची त्यांची पुस्तकं वर्ध्या-नागपुराकडे गावोगावी वाचली जात. लिहिण्याची त्यांची रीत न्यारी. आधी ओसरीवर सरकी मांडायची; साधी ती आपली फौज, हळद लावलेली ती शत्रूची. उपरण्याची घडी म्हणजे नदी. सरकी सरकवून लढाई पुरती उमगली की मगच टाक उचलायचा.

"पलटण उचला आता, गाय हंबरून राहिली," त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई आतून म्हणत. संध्याकाळी दोन्ही फौजा गाईच्या टोपल्यात जात.

एकोणीसशे सत्तावन्न साली ब्रह्मदेशातल्या लढाईवरचं त्यांचं सहावं पुस्तक निघालं. वडनेर गावच्या लोकांनी त्यांना वाचायला बोलावलं. तिथल्या कवडूच्या ओट्यावर माणसं दाटीनं बसली. "नदी सर झाली. आपली हानी किरकोळ झाली," मास्तरांनी वाचलं आणि टाळ्या पडल्या.

मागून म्हाताऱ्या धुरपताबाईनं विचारलं, "किरकोळ म्हंजे किती जी, मास्तर?"

"अकरा."

"मंग माहा पोरगा प्रेमदास त्याच्यातलाच. सरकारी कागदात याच नदीचं नाव हाये."

"बुढे, पुस्तक हाये का रेशनकार्ड, सगळ्यायचे नावं लिवाले?" कवडू म्हणाला. कोणी हसलं नाही.

"नाव नोका लिवू. माती नाई भेटली मले त्याची. तो कुठं पडला, थेच सांगा."

पुस्तक मिटून मास्तर तसेच घरी आले.

घरी त्यांनी जुनी टिपणं काढली. नदीला पूर होता, म्हणून पलीकडे दोर बांधायला आधी अकरा पोहणारे उतरले. दोर बांधला गेला, पण त्यांतला एकही परतला नाही. कथनाचा वेग तुटतो म्हणून मास्तरांनीच तो मजकूर गाळला होता.

पुढच्या रविवारी ते सरकीची पुरचुंडी घेऊन धुरपताबाईच्या दारी गेले. सारवलेल्या भुईवर उपरणं पसरलं. अलीकडे सगळी पलटण आणि पाण्यात, सगळ्यांच्या पुढं, अकरा दाणे.

म्हातारी वाकून पाहत राहिली. "आपल्या वणा नदीच्या पुरात उडी घाले तो. मी माराले काडी घेऊन मांगं धावो." तिनं अगदी पुढचा दाणा बोटानं हलकेच शिवला. "हा असन."

मग म्हणाली, "पाणी लय थंड असन का जी तिथलं?"

सहा पुस्तकं लिहिणारे मास्तर खाली मान घालून म्हणाले, "मला ठाऊक नाही, माय."

"बरं केलं खरं सांगतलं. आता बसा, चहा मांडतो."

दुसऱ्या आवृत्तीत 'किरकोळ' गेलं, आणि दोर घेऊन उतरलेल्या अकरांत वडनेरचा प्रेमदास आला. पण त्या रविवारी, धुरपताबाईच्या घरी, मास्तर उपरणं गोळा करू लागले, तेव्हा पुढचा दाणा तिथं नव्हता. धुरपताबाईची डावी मूठ मिटलेली होती. मास्तरांनी उरलेली सरकी पुरचुंडीत बांधली.