सुलभाताईंची माघार

आमच्या लखनौच्या जानकीपुरममधल्या सुलभाताई बँकेतून निवृत्त झाल्या आणि राक्षसांशी लढायला लागल्या. चेष्टा नाही करत. त्यांची पूर्वा हैदराबादला नोकरी करते. ‘खाना खाया?’, ‘हाँ, खा लिया’ यापलीकडे मायलेकींचं फोनवरचं बोलणं सरकेना, म्हणून पूर्वानेच आईला आपल्या मैत्रिणींच्या कॉम्प्युटर गेममध्ये ओढलं. दर रविवारी दुपारी चौघी कानाला हेडफोन लावून जादूच्या जंगलात शिरायच्या. मधूनमधून पूर्वा ऑफिसातली भांडणं सांगायची, सर्दीवर काय घेऊ विचारायची. सुलभाताईंचा अख्खा आठवडा त्या दुपारच्या वाटेकडे डोळे लावून जायचा.

अडचण होती ती लढाईची. काय ते नियम! आपली पाळी आली की एक मोठं काम करायचं आणि एक छोटं. कुठलं मोठं नि कुठलं छोटं, ते खेळ बनवणाऱ्यालाच ठाऊक. मग फासा पडणार, त्यातून समोरच्याच्या चिलखताचा आकडा वजा, जादूचा आकडा अधिक. जन्मभर बँकेची सर्क्युलरं पचवलेली बाई, पण ते नियम वाचून रडकुंडीला यायची. असले नियम लिहिणाऱ्याला लग्नाच्या पंगतीत वाढायला लावावं, म्हणजे लोक उपाशी राहिले की कळेल त्याला.

सुलभाताईंचं पात्र वैद्यबाईचं. कोणी जखमी झालं की या समोरच्या राक्षसाला तसाच टाकून तिकडे धावायच्या, आणि पाठ वळताच तो एक घाव फुकटात घालायचा. वैद्यबाई आडव्या. दर रविवारी हेच. मुली समजावायच्या, पण घाईघाईत आणि इंग्रजीत. शेवटी पूर्वाने सांगून टाकलं की खेळात जागा चारच आहेत, ऑफिसातला यश केव्हाचा मागे लागलाय. येत्या रविवारी जमलं तर ठीक, नाहीतर आईने नुसतं बघत बसावं. हे मला सुलभाताईंनीच सांगितलं. मला त्या पोरीचा असा राग आला म्हणून सांगू.

नेमकं त्याच रविवारी सुनेत्राबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. लखनौत आपली मराठी घरं मोजकी, टाळून चालत नाही. खेळाची वेळ होत आली तशी सुलभाताईंची चुळबुळ सुरू झाली. सुनेत्राबाई वाण वाटण्यात गुंतलेल्या बघून त्या हळूच उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. सुनेत्राबाईंच्या तोंडात जीभ नाही, विळी आहे.

“न सांगताच निघालीस गं? बँकेतूनही अशीच पळायचीस का?”

सगळ्या हसल्या. सुलभाताईंचं तोंड एवढंसं झालं. मी उठले, ‘निघू का?’ विचारलं, कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, ‘येते हं’ म्हटलं आणि सुलभाताईंना घेऊन बाहेर पडले. मला कोण काय बोलणार?

ई-रिक्षात सुलभाताई मोबाइलवर सारखी वेळ बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, “अगं, तो राक्षस म्हणजे सुनेत्राच आहे. मी न सांगता निघते, म्हणून मार खाते.”

खेळात सांगून निघायचंही एक बटण होतं म्हणे, ‘डिसएंगेज’ नावाचं. पण लढाईत माघार कसली घ्यायची, म्हणून या मानी बाईने त्याला कधी हात लावला नव्हता.

घरी पोचल्यावर मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढूनच बसले. लढाई ऐन रंगात आली होती. पूर्वाची लढवय्यी पुलापलीकडे पडलेली, बाकी दोघी जेरीला आलेल्या, आणि वैद्यबाईंच्या पुढ्यात एक दांडगा राक्षस. यशही आज बघायला हजर होता.

“आई, हिलना मत. मर जाओगी,” पूर्वा म्हणाली.

सुलभाताईंनी आधी माघारीचं बटण दाबलं. त्यात मोठं काम खर्च झालं, तशा मुली हळहळल्या. मग वैद्यबाई राक्षसाच्या नाकासमोरून चालत निघाल्या. त्याचा हात हललासुद्धा नाही. पूल ओलांडून त्या पूर्वापाशी पोचल्या. आणि औषधाची कुपी पाजणं हे निघालं छोटं काम! ते अजून हातात शिल्लक होतं. पूर्वाची लढवय्यी उठली आणि तिच्या पाळीला तिने राक्षस लोळवला. मी टाळ्या पिटायच्या नादात वाणातला हलवा सोफाभर सांडला.

एकीने विचारलं, आंटी, ये कैसे किया? सुलभाताई ऐटीत म्हणाल्या की बेटा, किसी के यहाँ से बिना बताए नहीं निकलते.

मग यशचा आवाज आला. अगले संडे से मैं आऊँ क्या, असं तो चाचरत विचारत होता.

“नहीं यार, जगह नहीं है,” पूर्वा म्हणाली. “आई खेलती है.”

सुलभाताईंनी डोळे पुसले नाहीत की वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पुढची लढाई सुरू झाली होती आणि पाळी त्यांची होती.