दोन शेपट्यांचे अण्णा

"दुसरी शेपटी कुठाय?" असं म्हणून अण्णा चष्मा कपाळावर चढवायचे. समोरचा पीएच.डी.वाला तिथंच गार व्हायचा.

बिदरमध्ये कॉलेजच्या गेटासमोर आमची दुकानं समोरासमोर. धंदा एकच, प्रबंधाचे आकडे तपासून द्यायचे. माझ्याकडे एसी, फिरती खुर्ची, फुकट चहा. त्यांच्याकडे एक लंगडी खुर्ची. आणि रांग? त्यांच्याकडे! किल्ल्याला वळसा घालून शेवटचा गडी पार शेजारच्या तालुक्यात, भालकीत उभा असायचा. खोटं वाटत असेल तर भालकीवाल्यांना विचारा.

काम असं: दोन गटांत खरं तर काहीच फरक नसताना, नुसत्या योगायोगानं एवढा मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती शंभरात पाचाच्या आत आली की फरक खरा मानतात आणि विद्यार्थी पेढे वाटतो. मी एकाच बाजूची, म्हणजे गिऱ्हाइकाला हवा तो गट पुढं असण्याची, शक्यता मोजून गिऱ्हाईक खूश करायचो. अण्णा उलट्या बाजूचीही धरायचे, तीच त्यांची दुसरी शेपटी. आकडा दुप्पट, पेढे रद्द. तरी लोक तिकडंच!

माणूस साधाभोळा होता असं समजू नका. मिशीला कलप लावायचे. गिऱ्हाईक रडलं की मान ताठ व्हायची, आणि मग आपल्याच डब्यातली अर्धी भाकरी मोडून त्याला द्यायचे. अशा माणसाशी भांडणार तरी कसं, तुम्हीच सांगा.

त्यात माझी बायको. तिचा प्रबंध होता सीमेवरच्या पोरांवर: आधी घरच्या मराठीतून वाचायला शिकवलं आणि मग कन्नडमधून, तर फरक पडतो का? मी आकडा काढला, शंभरात चार. ती "बरं" म्हणाली आणि कागद घेऊन सरळ रस्ता ओलांडून गेली. माझ्या डोळ्यांदेखत! मी मागोमाग.

"अक्का, मराठीवाली पोरं पुढंच जातील असं आधीच धरलं होतं का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. मागंबी पडू शकतात की."

"मग दोन्हीकडचं मोजा. आठ."

तीन वर्षांचं काम, आणि हा बाबा आठ म्हणतो! मी ओरडलो, "अण्णा, बायको माझी हाय!"

"व्हय की. आकडे तिचे हायत."

बायकोनं प्रबंधात 'फरक सिद्ध झाला नाही' असंच लिहिलं. मी विचारलं, "कामून? माझ्यावर भरवसा न्हाई?"

"मी रडू नये म्हणून तुमी आकडे काढता," ती म्हणाली. "अण्णा तसं करत न्हाईत."

गेल्या साली अण्णा हैदराबादला लेकीकडे राहायला गेले. मी गल्लीभर जिलबी वाटली. रांग माझ्याकडे वळली. बायकोही आली, नव्या शाळांचे आकडे घेऊन. मी दोन्हीकडचं मोजलं. अकरा. सांगून टाकलं.

"खरं का?"

"व्हय."

तिनं कागद घेतला आणि दारात जाऊन उभी राहिली, समोरच्या बंद शटरकडे बघत. गंजलेलं शटर, त्यावर कुठल्याशा क्लासचं फाटकं पोस्टर. माझ्याकडे तिनं एवढा वेळ कधी बघितल्याचं मला आठवत नाही.