खारं पाणी आणि धर्मामामांचं शेत

शाळेत खडू संपतो, किस्से संपत नाहीत. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात मी रोह्याहून एसटीने येऊन पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं. स्टाफरूममध्ये आम्ही खूप हसायचो. हल्ली मात्र तेच सांगताना मला हसू येत नाही.

बहुतेक किस्से आमच्या शिपायाचे, धर्मामामांचे. खाडीच्या बांधाआड त्यांचं भातशेत. एका उधाणात बांध फुटला, गावच्या भाषेत खांड गेली, आणि शेतात खारं पाणी शिरलं. मरायच्या आधी एकदा तिथल्या तांबड्या राता तांदळाचा भात खायचा, एवढंच त्यांचं मागणं.

* * *

पूर्वी खांड गेली की घरटी एक माणूस चिखल टाकायला धावायचा. या वेळी निम्मा गाव कंपनीत शिफ्टला! मामांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, "खांड किती फुटांची?"

"अर्ज लिवताना बारा व्हती. तुमी चष्मा शोधलात तवर वीस झाली असंल!"

साहेब मनापासून हसले. अर्ज फाइलीत गेला तो गेलाच.

* * *

नववीला अन्नसाखळी शिकवत होतो. फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार.

खालच्या आळीची वैशाली उठली. "सर, बेडूक पुसा. खारं पानी आल्यापासून आमच्याकडं एक पन नाय."

पुसला.

"मग साप पन पुसा. खानार काय तो?"

गवत तर आधीच करपलं होतं, नाकतोडा त्याच्याबरोबर गेला. उरली घार. मी डस्टर घेऊन तिच्यापाशी थांबलो.

"ती ऱ्हाऊ द्या सर, ती चिकनच्या दुकानावर जगते!"

वर्ग खदखदून हसला. मी डस्टर खाली ठेवलं.

* * *

चार पावसाळ्यांत त्या शेतात तिवरं, म्हणजे खारफुटी, पुरुषभर वाढली. मी वर्ग घेऊन गेलो. बांधावर उभा राहून, हात पसरून म्हणालो, "बघा मुलांनो, निसर्ग आपली जागा कशी परत घेतो!"

मागे पाण्याचा कॅन घेऊन मामा उभे होते. "सर, सातबारा अजून माज्या नावावर हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं मात्र टाळ्या वाजवत होती.

* * *

त्याच पोरांनी मग एकेक झाड मोजलं. मुळं, पानं, चिंबोरी खेकड्यांची बिळं, सगळं वहीत उतरवलं. प्रकल्पाला जिल्ह्यात पहिला नंबर! सत्काराचा चहा मामांनीच वाटला.

पुढे एकदाची खांड बुजली. मामांनी कोयत्याला धार लावली, आणि त्याच आठवड्यात नोटीस आली. खारफुटी संरक्षित, तोडल्यास गुन्हा. मामांना वाचता येत होतं, तरी कागद घेऊन ते स्टाफरूममध्ये आले. "वाचा, सर."

मी वाचली. कायदा खोटा नव्हता, वर्गात मीच तो शिकवायचो. शेवटी पुरावा म्हणून एक नकाशा जोडलेला. प्रत्येक झाडाला नंबर, खाली शाळेचा शिक्का आणि माझी सही.

मामा नकाशावर वाकले. मग शेताच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले,

"पन बांध अगदी बरोबर काढलाय, सर."