बटनभावजी

हैदराबादेत आमच्या नल्लकुंट्याच्या घरात कुठलीही वस्तू दुरुस्त करून घ्यायची तर आधी भावजींची परवानगी काढावी लागे. ते काही घरातले कर्ते नव्हते. माझे धाकटे दीर, बी.एस्सी. होऊन घरी बसलेले. पण बैठकीतला पंखा 'कर्र-टक, कर्र-टक' करायला लागला म्हणून मी तेल घालायला माणूस बोलावला, तर हे शिडीला मिठी मारून उभे. "वैनी, जरा ठैरा की! इतका चांगला ठेका धरलाय त्यानं. आवाज असा फेकून द्यायचा नसतोय." माणूस हसत परत गेला. मी पुण्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली, तोंड उघडायची सोय नव्हती. पुढं कितीतरी दिवस त्या कर्र-टकच्या तालावर मी घास गिळले.

आज भावजी मुंबईत इलेक्ट्रॉनिक संगीत करतात. लांब केसांची मुलं त्यांना 'सर' म्हणतात. मुलाखतीत कुणी विचारलं, की तुमच्यावर प्रभाव कोणाचे, तर ते विलायतेतली दोन-चार अवघड नावं घेतात. मी वाचते आणि कपाळाला हात लावते. अहो, प्रभाव मला विचारा! माझा प्रेशर कुकर हा पहिला प्रभाव. त्याच्या शिट्ट्या टेप करायच्या म्हणून भावजींनी एकदा मला गॅस बंद करू दिला नाही आणि वरणाचा कोळसा झाला. दुसरा प्रभाव मरफ्याचा. हैदराबादेत वरातीपुढं तो ढोलताशांचा ताफा वाजायला लागला, की भावजी भरल्या ताटावरून उठत आणि उष्ट्या हातानं वरातीमागं चालू लागत. नवरदेव कोण, कुठला, याच्याशी काही देणंघेणं नसे. एकदा तर ते थेट वधूपक्षाच्या पंगतीत जेवूनच परतले.

बाजार खुला झाला, असं तेव्हा जो तो म्हणत होता. गच्चीगच्चीवर केबलच्या तारा आल्या, दिलसुखनगरात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, आणि आमच्याकडं दुबईच्या चुलतभावानं एक कीबोर्ड आणून टाकला. त्यात सगळी वाद्यं होती, ठेके होते. शिवाय आपण वाजवलेलं त्यात साठवून ठेवता येई. बटन दाबलं की सगळं आपलं आपण वाजून संपायचं. त्या दिवसापासून गल्लीनं भावजींना 'बटन' करून टाकलं आणि मीही मनातल्या मनात बटनभावजी म्हणू लागले. कोठीच्या बाजारात फुटपाथवर परदेशी गाण्यांच्या कॅसेटी मिळत. कव्हर नाही, नाव नाही, कधीकधी टेपही चुरगळलेली. हे पिशवी भरून आणायचे आणि म्हणायचे, "वैनी, ही बघा, यात माणूस गातच नाही!" मी म्हणायचे, "मग त्यात ऐकायचं काय?" तर माझ्याकडं असे बघायचे, जणू मीच अडाणी.

माझे सासरे, अण्णा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळं घरात अण्णांचा शब्द शेवटचा. तरुणपणी ते भजनाला झांजा धरत. त्यांचं म्हणणं एकच, "गाणं म्हंजे गळ्यातून आलं पाहिजे. हे पोरगं नुसती बटणं दाबायलंय." त्यांनी भावजींना कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. महिन्याभरातच तिथल्या मास्तरांचा निरोप आला, की तुमचा मुलगा प्रोग्रॅम लिहायचा सोडून कॉम्प्युटरला टूंटूं करायला लावतो आणि बाकीची मुलं नाचतात. अण्णांनी मग औषधांच्या एका कारखान्यात शब्द टाकून नोकरी ठरवली. भावजींनी एक वर्ष मागितलं. संगीतात काही करून दाखवतो, फक्त एक वर्ष द्या.

त्याच सुमाराला माझ्या नणंदेचं, सुमनचं, लग्न ठरलं. स्थळ परभणीचं. अण्णांनी भावजींना समोर बसवलं आणि म्हणाले, "बँड सांगत नाही. सुमीच्या लग्नात तुझं यंत्र वाजव. मंडळींनी नाव काढलं तर वर्षभर मी एक शब्द बोलणार नाही. फजिती झाली तर मुकाट्यानं कारखान्यात जायचं. कबूल?"

"हौ अण्णा, कबूल," भावजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घराचं जे काही झालं ते वैऱ्याच्याही घराचं होऊ नये. गुरुजींना घरी बोलावून त्यांच्याकडून मंगलाष्टकं म्हणून घेतली. हातात घड्याळ धरून त्यांचा शब्द न् शब्द मापला. खाली तंबोऱ्यासारखा सूर, मधूनमधून मरफ्याचा ठेका, आणि शेवटच्या 'सावधान'वर सनई-चौघडा एकदम उसळायचा, असं सगळं बेतून यंत्रात भरलं. दिवसभर तेच. सुमन वैतागून म्हणाली, "दादा, माझं लग्न इतक्या वेळा लागलंय की आता खऱ्या लग्नाला मी झोपेन." पण खरं सांगते, ऐकताना अंगावर काटा यायचा. मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर पुन्हा एकदा ऐकावं लागलं असतं.

आता मला सांगा, आयुष्यभर लोकांच्या लग्नात जेवलेल्या माणसाला एवढं कळू नये? घरी गुरुजींनी म्हटलेली मंगलाष्टकं वेगळी आणि मांडवातली वेगळी. मांडवात मुहूर्त गाठायचा असतो. वेळ उरली की गुरुजी सूर ताणतात, आणि तरी उरली तर घरच्या बायकांना पुढं करतात. सुमनच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्याबाई कागद घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक होतं, आणि त्यात परभणीच्या अख्ख्या गोताची नावं ओवलेली. तिकडं यंत्र सुरू होऊन बसलेलं. ते थांबवायला भावजींचे हात मोकळे असते तर गोष्ट वेगळी. पण गुरुजींचा मदतनीस आला नव्हता, म्हणून त्यांनी अंतरपाटाचं एक टोक यांच्याच हातात दिलं होतं.

आत्याबाई चुलत्यांपर्यंत पोचल्या होत्या आणि सनई-चौघडा उसळला. झालं! वाजंत्री वाजली म्हणजे लग्न लागलं, हे आपल्या माणसांच्या अंगात मुरलेलं. अक्षतांचा मारा सुरू झाला. पलीकडच्यानं अंतरपाट सोडला, आणि भावजींच्या हातातलं टोक तेवढं वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. नवरदेवानं घाईघाईनं सुमनच्या गळ्यात हार घातला. मुहूर्ताला अजून अवकाश होता. चौघडा चालूच. आत्याबाई कागद हातात धरून उभ्या, चेहरा लाल. "आमचे सगळे चुलते राहिले की!" एवढंच त्या बोलल्या.

गुरुजी खमके. हार काढायला लावला, "ही रंगीत तालीम झाली," म्हणाले आणि पुन्हा अंतरपाट धरवला. या वेळी भावजींच्या नव्हे, माझ्या नवऱ्याच्या हातात. मुहूर्ताला लग्न लागलं, तेव्हा वाजवायला काहीच नव्हतं. बँड सांगितलेला नाही, आणि यंत्राची वायर भावजींनी स्वतः उपटलेली. मांडवात नुसत्या टाळ्या वाजल्या. पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर अण्णा भावजींना फक्त म्हणाले, "सोमवारपासून."

भावजी गेले. मला वाटलं होतं भांडतील, उपास करतील, पळून जातील. यातलं काहीच केलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे. पंख्याला मी तेल घालून घेतलं, तर वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. कीबोर्डवर त्यांनी स्वतःच्या हातानं टॉवेल टाकला. ज्या शांततेसाठी मी देवाला नवस बोलले असते, ती मिळाल्यावर मला घर खायला उठलं. एकदा मी म्हटलं, "अहो, जरा वाजवा की." तर म्हणाले, "नक्को वैनी. मला फकत बटणं दाबता येतात."

वर्षभरानं सुमनच्या मुलीचं बारसं आमच्याकडं झालं, आणि त्याला आत्याबाई आल्या. आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. बाळ पाळण्यात घातलं, बायका पाळणा म्हणायला लागल्या, तसा आत्याबाईंनी कमरेचा कागद काढला. भावजी कोपऱ्यात पेढ्यांचं ताट धरून उभे होते. त्या सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या, "इकडं ये. तुझं ते खोकं आण. माझ्या गाण्याला वाजव. पण या वेळी मी संपवल्याबिगर तू संपवायचं नाही."

भावजींनी टॉवेल काढला. साठवलेलं काही लावलं नाही; एका हातानं सूर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं, एकेक करून, ठेका देऊ लागले. आत्याबाईंना सुराचं वावडं आणि दम्याचा त्रास. दर ओळीला थांबायच्या, खोकायच्या, पाणी मागायच्या, मध्येच कागदावरचं अक्षर लागायचं नाही. त्या थांबल्या की भावजींचा ठेका थांबायचा, नुसता सूर राहायचा. त्यांनी श्वास घेतला की बोट उचललं जायचं. भावजी कीबोर्डकडं बघतच नव्हते, आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते. एक चुलता गळला नाही. बायका हसायच्या थांबल्या आणि मला, का कोण जाणे, फार भरून आलं. अण्णा दाराशी उभे होते. गाणं संपल्यावर ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी नेहमीसारखी अंधारात उठले, पोळ्या लाटल्या, वांग्याची भाजी केली. भावजी बूट घालत होते. अण्णा पेपर खाली न करता म्हणाले, "सूनबाई, आजपासून त्याचा डबा भरू नका. तो घरीच जेवेल. त्याला रियाज करायचा असतो."

रियाज! अण्णांच्या तोंडून! भावजी एका पायात बूट तसाच ठेवून पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. अण्णांचा पेपरही हलत होता. या घरातल्या पुरुषांना कुठली गोष्ट वेळेवर सांगता येईल तर शपथ. मी भरलेला डबा दोघांच्या मधे आदळला आणि म्हटलं, "मग हे काल नाही का सांगायचं? पहाटेपासून राबतेय मी इथं!" आणि पदर डोळ्यांना लावून आत पळाले.